देवघराची उपकरणी घासताना: आधी तेल, मग आंबट, शेवटी ऊन

नवरात्राच्या तोंडावर घासलेली समई चार दिवसांत गुलाबी डागांनी भरते. टाकाच्या, म्हणजे देव उठवलेल्या चांदीच्या पत्र्याच्या, कडेतून हिरवं पाणी येतं. शंखाची तकाकी जाते, अन्नपूर्णेचं नाक दरवर्षी थोडं थोडं झिजतं. या तक्रारींमागे बहुतेक वेळा एकच चूक असते: सगळे देव आणि सगळी उपकरणी एका घमेल्यात घालून चिंच-मिठाने नाहीतर पितांबरीने एकसाथ घासणे. पितळ, चांदी, शंख आणि शाळिग्राम या चार वेगळ्या वस्तू आहेत. एकीला जे उजळतं ते दुसरीला खातं.

म्हणून इथे क्रम सांगितला आहे. तो तसाच पाळा. पायऱ्यांची अदलाबदल केली की काम दुप्पट होतं.

१. दिवस आणि वेळ

घटस्थापनेच्या किमान तीन दिवस आधी हे काम उरका. एकदा देव घटी बसले की बऱ्याच घरांत नऊ दिवस त्यांना हलवत नाहीत, फुलानेच पाणी शिंपडतात. त्या काळात विड्याच्या पानावर ठेवलेल्या टाकाखाली ओल राहिली, तर दसऱ्याला मागची बाजू काळी झालेली दिसते. घासताना राहिलेली ओल आणि पानाची ओल मिळून हे होतं. पहिली तरी आपल्या हातात आहे.

इंदुरात त्या दिवसांत पाऊस पूर्ण ओसरलेला नसतो, हवा दमट असते. म्हणून सकाळी नऊच्या सुमारास सुरुवात करा, म्हणजे सुकवण्याची पायरी दुपारच्या उन्हात येईल. संध्याकाळी घासायला बसू नका. साधारण पंधरा-वीस वस्तूंच्या देवघराला तीन तास लागतात.

पाण्याचंही आधी बघा. बोअरिंगचं पाणी जड असतं, सुकल्यावर पितळेवर पांढरे ठिपके ठेवतं. घासायला ते चालेल, पण शेवटचं धुणं नर्मदेच्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याने करा. नळ एक दिवसाआड येत असेल तर आदल्या दिवशीच एक बादली भरून ठेवा.

२. सामान

- दोन प्लास्टिकची घमेली (ॲल्युमिनियमचं पातेलं आंबट पाण्याला नको)
- जुन्या धोतराचे किंवा पंचाचे सहा-सात तुकडे
- लहान मुलांचा मऊ टूथब्रश, लाकडी काड्या, कापूस
- बी आणि शिरा काढलेली चिंच ५० ग्रॅम
- खाण्याचा सोडा, भांडी घासायचं साधं लिक्विड
- गव्हाचं पीठ किंवा चाळलेली राख, दोन मुठी
- चाळलेलं भस्म, दोन चमचे
- एक चाळणी

चिंच पाव लिटर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, कुस्करा, गाळून घ्या. मीठ घालू नका. मिठाने पितळ झटकन उजळतं खरं, पण तेच मीठ कोरीवकामात अडकून राहतं, हवेतली ओल ओढतं आणि धातूला बारीक खड्डे पाडतं.

तारेची घासणी, टूथपेस्ट आणि रांगोळी तिन्ही बाजूला ठेवा. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, चरे पाडणारच. तारेच्या घासणीचे तुकडे नक्षीत राहतात आणि गंजतात. पितळेवर तपकिरी ठिपके दिसले की आधी या घासणीचाच संशय घ्या.

३. देव उतरवणे

आधी मोबाइलवर देवघराचा फोटो काढा. कोणता देव कोणत्या बाजूला, बाण (नर्मदेतलं शिवलिंग) कुठे, शंखाचं तोंड कुणीकडे हे नंतर आठवत नाही, आणि घरातल्या दोन माणसांचं मत कधीच एक नसतं.

अक्षता वाहून, स्थान हलवत असल्याची प्रार्थना करून देव उतरवा. वस्त्रं, दागिने, मुकुट सुटे करून एका वाटीत ठेवा. दुहेरी घडीच्या कापडावर ताट ठेवून त्यात देव ठेवा. रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, छोटे टाक यांना बेसिनच्या नळाखाली कधीही नेऊ नका. मोरीत धुणार असाल तर जाळीवर चाळणी ठेवा.

तपासा: उतरवलेल्या वस्तू मोजून आकडा कागदावर लिहा. परत मांडताना तोच आकडा यायला हवा.

४. ढीग लावणे

काम इथे बिघडतं किंवा सुधारतं, म्हणून घाई करू नका. पाच ढीग लावा: पितळ-तांबं, कासं, चांदी, दगड-शंख-रुद्राक्ष, आणि लाकूड-तसबिरी.

काही वस्तू फसवतात. पिवळी दिसणारी मूर्ती लोहचुंबकाला चिकटली, तर आत लोखंड आणि वर मुलामा आहे. तिला फक्त ओलं कापड. पांढऱ्या धातूचं निरांजन ‘जर्मन सिल्व्हर’चं असेल तर त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्ताचा तो मिश्रधातू असतो आणि त्याला साबणपाणी पुरतं.

हल्ली दुकानातून आणलेल्या पितळी मूर्तींवर पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो ओळखायचा असा: मूर्तीच्या तळाशी चिंचेच्या पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटाने पुसा. तिथे उजळ ठिपका दिसला तर धातू उघडा आहे. काहीच फरक नसेल तर वर लॅकर आहे. अशी मूर्ती घासायची नाही. लॅकर ठिकठिकाणी उडतं, उघड्या जागा काळ्या पडतात आणि मूर्तीवर नकाशा उमटतो. एकदा असं झालं की उरलेलं लॅकर पूर्ण काढून घेण्यावाचून इलाज राहत नाही.

५. तेल आणि काजळी

समई, निरांजनं, लामणदिवा यांना चिंच लावण्याआधी तेल पूर्ण निघालं पाहिजे. तेलाच्या थराखाली आंबट पाणी पोचतच नाही. मग समई कुठे लख्ख आणि कुठे काळी अशी दिसते आणि माणूस त्या काळ्या भागावर जोर काढत बसतो.

उरलेलं तेल काढा, जुन्या वाती टाका. काजळी कोरड्याच कापडाने पुसा, ओल्याने ती पसरते. मग तेलकट भागावर कोरडं पीठ किंवा राख चोळून पाच मिनिटं ठेवा आणि झटका. पिठाचा हा गोळा ओल्या कचऱ्यात जाऊ द्या, मोरीत नको.

आता समईचे भाग सोडवा: शेंडा, तेलाची वाटी, दांडा, बैठक. आटे घट्ट बसले असतील तर पक्कड लावू नका, पितळी आटे लगेच मरतात. ज्या भागाचे आटे आतून आहेत त्या बाहेरच्या भागावर कढत पाण्याची धार दोन मिनिटं सोडा. तो भाग थोडा प्रसरण पावतो. लगेच दोन्हीकडे कोरडं कापड गुंडाळून पिळा. दोन-तीनदा असं केलं की सुटतं. दोन्ही भाग एकदम गरम पाण्यात बुडवून काही उपयोग होत नाही, कारण दोन्ही सारखेच फुगतात.

दोन लिटर गरम पाण्यात, हात जेमतेम सोसेल इतक्या, दोन चमचे लिक्विड घालून भाग वीस मिनिटं ठेवा. वाटीच्या कडेला साचलेलं तेल डिंकासारखं चिकट तपकिरी झालेलं असतं. ते साबणाने निघत नाही. त्यावर ताजं तिळाचं तेल लावून तासभर उन्हात ठेवा, डिंक मऊ पडतो, मग लाकडी काडीने खरवडा. आट्यांतली घाण टूथब्रशने काढा.

तपासा: धुतलेल्या भागावर पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर तेल गेलं. थेंब थेंब होऊन निसटलं तर पुन्हा लिक्विड लावा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. पितळ आणि तांबं

देवांवरचं कुंकू, गंध, अष्टगंध आधी साध्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून मऊ करा. सुकलेलं गंध ब्रशने खरवडलं की त्यातले कण लाकूड घासायच्या पॉलिशपेपरचं काम करतात.

मग एका वेळी एक वस्तू घ्या. कापसाने चिंचेचं पाणी लावा, दोन मिनिटं थांबा, मऊ ब्रशने हलकं फिरवा, लगेच धुवा. तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे आणि गुलाबी डागांचं मूळ तिच्यातच आहे. पितळेत तांबं आणि जस्त असतं. आंबटात जास्त वेळ राहिलं की वरच्या थरातलं जस्त विरघळतं आणि खालचं तांबं लालसर होऊन दिसू लागतं. तो डाग मळाचा नसल्यामुळे घासून जात नाही. तो उतरवायचा म्हणजे कसेऱ्याकडून (पितळ-तांब्याचं काम करणाऱ्याकडून) वरचा थरच काढून घ्यावा लागतो.

धुतल्यावर एक लिटर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात वस्तू बुडवून काढा. हे बहुतेक लोक करत नाहीत. नक्षीच्या खाचांत राहिलेला आंबटपणा सोड्याने मरतो, पाण्याने मरत नाही. त्यानंतर चांगल्या पाण्याने शेवटचं धुणं.

पितांबरी वापरायची असेल तर पातळ करून वापरा आणि अंगावर सुकू देऊ नका. सुकली की डोळ्यांत, बोटांत, प्रभावळीच्या जाळीत पांढरी पूड राहते. चेहऱ्यावर ब्रश नको, बोटावर कापड गुंडाळून पुसा. जुन्या मूर्तींची नाकं वर्षानुवर्षांच्या जोराने गेलेली आहेत. मूर्ती आरशासारखी चमकलीच पाहिजे हा हट्ट सोडलेला बरा. स्वच्छ, कोरडी आणि मंद उजळ एवढं पुरे.

तांब्याचं ताम्हन, पंचपात्र, पळी, कलश यांची रीत हीच, फक्त आतली बाजू जास्त महत्त्वाची. पळीतून तीर्थ पोटात जातं. पळीचा खोलगट भाग, पंचपात्राच्या तळाची कड आणि कलशाची मान इथे हिरवी पूड साचते. ती विषारी असते. काडीला ओला कापूस गुंडाळून ती काढा, तो कापूस टाकून द्या आणि हात धुवा.

सावध: पंचामृत तांब्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत ठेवू नका. दही कळकतं, तासाभरात चव बिघडते. त्यासाठी चांदीची किंवा स्टीलची वाटी घ्या. नैवेद्याची पितळी भांडी असतील आणि आतली कल्हई गेली असेल, तर इंदुरात राजवाड्याजवळच्या कसेरा बाजारात किंवा बर्तन बाजारात चौकशी करा. कल्हईच्या भांड्याला घासणी लावू नका.

७. कासं: घंटा

घंटा कशाची आहे ते आवाजावरून आणि रंगावरून कळतं. काशाचा रंग जरा फिका, राखाडीकडे झुकणारा आणि नाद लांब चालणारा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. ते ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर तडकतं. गरम पाण्यातून काढून थेट गार पाण्यात घालू नका. चिंच लावायचीच तर मिनिटभर.

आवाज बसल्यासारखा वाटत असेल तर आधी मूठ बघा. गरुडाची मूठ आट्यावर बसवलेली असते, ती सैल झाली की नाद मरतो. लोलकाची कडी लोखंडी असेल तर कोरडी करून तेलाचा एक थेंब सोडा. मूठ घट्ट असूनही नाद फुटका येत असेल तर कडेला चीर गेलेली असणार.

८. चांदी आणि टाक

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. भरीव वाटी, ताटली, निरांजन यांच्यासाठी सोपा उपाय आहे. प्लास्टिकच्या घमेल्यात ॲल्युमिनियम फॉईल पसरा, वस्तू फॉईलला टेकेल अशी ठेवा, वर एक लिटर कढत पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा. दोन ते पाच मिनिटांत काळेपणा उतरतो. थोडा कुजका वास येतो, तो गंधकाचा. खिडकी उघडी ठेवा. या रीतीने चांदी घासली जात नाही, म्हणून ती झिजत नाही.

हा उपाय खडे बसवलेल्या, लाख भरलेल्या आणि मुद्दाम काळसर ठेवलेल्या नक्षीच्या वस्तूंना चालत नाही. आणि टाकांना तर मुळीच नाही.

टाक नीट हातात घेऊन बघा. पुढे चांदीचा पातळ पत्रा, त्यावर खंडोबा, भवानी, जोतिबा ठोकून उठवलेले, मागे बहुधा तांब्याचा पत्रा, आणि कड दुमडून दोन्ही जोडलेले. मधली जागा पोकळ. टाक पाण्यात बुडवला की पाणी दुमडीतून आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. पुढे महिनोन्‌महिने आतलं तांबं कळकत राहतं आणि कडेने हिरवट काळं झिरपतं. कितीही पुसलं तरी ते पुन्हा येतं.

टाकासाठी भस्मात पाण्याचे चार-पाच थेंब घालून दाट लेप करा. तो बोटाने लावा आणि उठावाच्या रेषेने, गोल गोल न घासता, हलकं फिरवा. ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा, लगेच कोरड्याने. मग टाक उभा धरून कड कापडावर दोनदा हलकेच टेकवा. आतून ओल आली तर कापडावर डाग दिसेल. हिरवट डाग दिसला तर घासणं थांबवा आणि टाक सराफ्यात ठोकीव काम करणाऱ्या सोनाराकडे न्या. तो मागचा पत्रा उघडून आतून साफ करून देतो. पत्रा फाटला असेल, देवाचा चेहरा ओळखू येत नसेल, तर नवा टाक करावा का आणि जुन्याचं काय करावं, हे घरच्या कुलाचाराप्रमाणे वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा.

९. शंख, शाळिग्राम, बाण, रुद्राक्ष, सहाण

शंख चुन्याच्या जातीचा असतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीही लागलं की त्यावर बारीक बुडबुडे येतात. शंखाचा थर विरघळत असतो आणि गेलेली तकाकी परत येत नाही. फक्त साधं पाणी आणि मऊ कापड. आतल्या वळणात पाणी राहून वास येतो, म्हणून धुतल्यावर तोंड खाली करून हळूहळू फिरवत पाणी काढा आणि तिरपा ठेवून दिवसभर सुकवा. पूजेच्या शंखात पंचामृत घातलं असेल तर त्याच वेळी धुवा.

गंडकीचा शाळिग्राम हा मऊ काळ्या दगडातला जीवाश्म. त्याला ब्रश नको, साबण नको. काहींत सोनेरी ठिपके असतात, ते लोहाचे खनिज आहे आणि ओलीत राहिलं तर तपकिरी होतं. म्हणून अभिषेकानंतर पुसायचाच. नर्मदेचा बाण कठीण असतो, त्याला साधं पाणी भरपूर झालं. रुद्राक्षाच्या खाचांत साबण अडकतो. कोरड्या ब्रशने झटकून तेलाचं बोट फिरवा. सहाणेवरचं जुनं गंध पाण्याने धुवा, साबणाचा वास दगडात आणि मग गंधात उतरतो. चंदनाचं खोड ओलं ठेवलं की चिरतं, उगाळून झालं की पुसून आडवं ठेवा.

इंदूर-महू भागातल्या बौद्ध घरांत वंदनेच्या जागी मेणबत्ती असते आणि पितळी बुद्धमूर्तीच्या आसनावर मेण ओघळतं. ते नखाने किंवा चाकूने काढू नका. सहन होईल इतक्या गरम पाण्यात भिजवलेलं कापड दोन मिनिटं दाबून धरा, मेण मऊ झालं की कोरड्या कापडाने उचला. राहिलेला पातळ थर लिक्विडने धुतल्यावरच वरची पितळेची रीत वापरा. तसबिरींच्या काचेवर पाणी थेट फवारू नका. ते चौकटीतून आत उतरतं आणि फोटोला बुरशी येते. ओलं कापड पिळून पुसा.

१०. सुकवणे

तीन कापडं घ्या. पहिल्याने पाणी टिपा, दुसऱ्याने खाचा, तिसऱ्याने पुसा. मग धातूच्या वस्तू वीस मिनिटं उन्हात, पालथ्या. कलश दोन लाकडी पट्ट्यांवर उपडा ठेवा, म्हणजे मानेतून हवा खेळते. पोकळ मूर्ती तळ वर करून ठेवा. शाळिग्राम, रुद्राक्ष, चंदन आणि टाक सावलीत.

तपासा: समईच्या आट्यांत, घंटेच्या आत आणि मूर्तीच्या पोकळीत कोरडा कापूस फिरवा. ओला निघाला तर परत उन्हात. समईचे आटे पूर्ण सुकल्यावरच, तेलाचं बोट लावून, हाताने बसेल इतकेच आवळा.

११. पाण्याचं काय करायचं

चिंचेचं वापरलेलं पाणी तुळशीत घालू नका. त्यात तांबं उतरलेलं असतं, रोपाची मुळं जळतात. साबणाचं आणि सोड्याचंही नको. तुळशीत जाईल ते फक्त देवांच्या साध्या स्नानाचं पाणी.

१२. मांडणी आणि पुढचे दिवस

फोटो बघून, आकडा मोजून देव मांडा. घासल्यानंतर साध्या पाण्याने स्नान, गंध, फूल आणि नेहमीची पूजा. कुंकू कोरड्या मूर्तीवर लावा. ओल्यावर लावलं की रंग खाचेत उतरतो आणि डाग धरतो.

रोज: पंचपात्रातलं पाणी रात्री काढून ते पालथं घाला. स्नानानंतर देव पुसल्याशिवाय आसनावर ठेवू नका. आठवड्याला: समईतलं तेल बदला, काजळी कोरड्या कापडाने पुसा. चिंच महिन्यातून एकदाच, तीही लागली तर. दर शनिवारी आंबट लावायची गरज नाही.

जास्तीची चांदी ठेवताना रबरबँड आणि वर्तमानपत्र वापरू नका. रबरातल्या गंधकाने बरोबर त्या जागी काळी रेघ उमटते. धुतलेलं पांढरं सुती कापड, त्यावर घट्ट बंद होणारी पिशवी आणि आत खडूचा तुकडा ओल शोषायला. लाल-पिवळं कापड ओलीत रंग सोडतं.

जुनी मूर्ती पॉलिशला दिलीच तर दुकानदाराला मशीनचं चाक लावू नका असं स्पष्ट सांगा आणि काम समोर करवून घ्या. चाकाखाली दोन मिनिटांत भुवया आणि बोटं सपाट होतात.